गच्चीवरचा एसी, भाग ३: ढाळ, वायर आणि नागपूरचं ऊन

गच्चीवरच्या खोलीचं काम गेल्या दोन आठवड्यांत बरंच पुढे सरकलं. दीड टनाचं आउटडोअर युनिट स्लॅबपासून फूटभर उंच लोखंडी स्टँडवर आधीच बसलं होतं. राहिली होती वीज आणि एसीतून निघणाऱ्या पाण्याचा निचरा. ही दोन्ही कामं मी एकदा केली, उखडली आणि पुन्हा केली. दोन्हीकडे चूक एकच होती: हिशेब सावलीतला, आणि काम भर उन्हात.

आधी वायर. खालच्या डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य बोर्डापासून) खोलीपर्यंत २२ मीटर अंतर, एसी पूर्ण भारावर साधारण ८ अँपिअर घेतो. तांब्याच्या अडीच चौरस मिलिमीटर वायरीत एवढ्या अंतरावर अडीच व्होल्टच्या आसपास वाटेतच कमी होतात, चारच्या वायरीत दीडच्या थोडे वर. नुसत्या व्होल्टेजचं पाहिलं तर अडीचची चालून गेली असती. तरी चारची घेतली, आणि पाइप सरळ कठड्याच्या माथ्यावरून नेला, कारण तोच जवळचा रस्ता.

दुपारी तीन वाजता त्या पाइपवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. ६३ अंश! वायरींच्या तक्त्यात क्षमता (वायर किती अँपिअर झेलते) दिलेली असते ती भोवतालचं तापमान ३० अंश धरून. ६० अंशांना पीव्हीसी वायरीची क्षमता निम्मी होते. म्हणजे तक्त्यात ३२ अँपिअरची दिसणारी चारची वायर त्या कठड्यावर १६ चीच उरते, आणि मी एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच) आणून ठेवला होता २० चा. जास्त भार आला असता तर वायर तापत राहिली असती आणि एमसीबी शांत बसला असता.

डीबीतली जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायची हे आधीपासून ठरलेलं होतं. ते गच्चीवर आले, पाइप पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, हा उत्तरेच्या भिंतीवरून न्या ना, छज्ज्याखालून." चार मीटर वायर वाढली, पण तिथे त्याच वेळेला ४५ अंश भरले. त्या तापमानाला हीच वायर २५ अँपिअर झेलते. एमसीबी १६ चा, सी कर्व्हचा (क्षणभराच्या झटक्याला लगेच न पडणारा) लावला, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. कंप्रेसर इन्व्हर्टर प्रकारचा (हळूहळू वेग घेणारा) असल्यामुळे सुरू होताना झटका नाही, १६ चा आरामात टिकतोय.

अर्थिंगबद्दल मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे ते एकदा केलं की कोणी पुन्हा मोजत नाही. आमच्या अंगणात काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती अर्थिंगसाठी पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. टेस्टरवर ११ ओहम आले. खड्ड्यात तीन दिवस रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी घातलं, तेव्हा ४ वर आले. खोलीत आरसीसीबी असला तरी अर्थिंग नीट हवंच. मे महिन्यात मोजून बघा, खरी स्थिती तेव्हाच कळते.

आता पाणी. युनिटसोबत येणारा वळ्यावळ्यांचा नरम पाइप मी फक्त फूटभर ठेवला. तो कुठेतरी झोल खातोच, आणि झोलात शेवाळ धरतं. पुढे इतवारीतून आणलेला २५ मिलिमीटरचा कडक पीव्हीसी पाइप, साडेसहा मीटर, मीटरला एक सेंटिमीटर ढाळ. पहिल्या खेपेला क्लॅम्प दीड-दीड मीटरवर मारले होते. चार दिवसांच्या उन्हात पाइप नरम पडून मधे लवला आणि ढाळ गेला. आता क्लॅम्प ६० सेंटिमीटरवर आहेत आणि पाइप त्यात सरकेल इतके सैल. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत एवढा पाइप दोन सेंटिमीटरहून जास्त लांबतो. घट्ट आवळला तर वाकणार किंवा सांध्यात चिरणार. वरून पांढरा रंगही दिला.

शेवटचं टोक पावसाच्या पाइपात जोडलेलं नाही. जाळीच्या वर वीतभर अंतर ठेवून मोकळं सोडलंय. जोरदार सरीत तो पाइप तुंबला तर पाणी उलटं खोलीत येऊ नये म्हणून.

आणि ज्यांनी मे महिन्यात एसी लावून "एक थेंब गळत नाही" म्हणून समाधान मानलंय, त्यांच्यासाठी: ४५ अंश आणि १० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू (हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान) ६ अंशांच्या आसपास असतो. एसीच्या आतली थंड कॉइल सहसा तेवढी थंड होत नाही, तिच्यावर पाणी जमतच नाही, मग गळेल काय? जुलैत हाच एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढेल. म्हणून मी इनडोअर युनिटच्या ट्रेमध्ये हळूहळू दोन लिटर पाणी ओतलं आणि खाली बादलीत मोजलं. दोन लिटरला पेलाभर कमी आलं. भिंत पूर्ण कोरडी होती.

उरलंय ते तांब्याच्या नळ्यांवरच्या काळ्या फोमला उन्हापासून झाकणं. उघडा ठेवला तर तो भुगा होतो. नवतपा (मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळायची आहे, पत्रा कापून ठेवलाय.