पगारपत्रकातील ‘इतर कपात’

आमची कंपनी लहान आहे. गोदामांमधील तापमान आणि आर्द्रता यांची नोंद ठेवणारी उपकरणे आम्ही तयार करतो. उपकरणाची रचना आणि सॉफ्टवेअर आमचे असते, सर्किट बोर्ड बाहेरून जोडून येतात, आणि त्या बोर्डांना लागणारे वायर हार्नेस, म्हणजे टोकांना कनेक्टर लावून एकत्र बांधलेले तारांचे जुडगे, आमचा बोर्ड जोडणारा पुरवठादार आणखी एका कारखान्याकडून घेतो. खरेदी आणि पुरवठादारांची तपासणी ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत, कारण एवढ्या लहान कंपनीत तपासणीसाठी वेगळा माणूस ठेवणे परवडत नाही.

सक्तीच्या मजुरीविषयीची प्रश्नावली माझ्याकडे येते ती मोठ्या ग्राहकांकडून. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याच्या ५४ व्या कलमानुसार, तेथे व्यवसाय करणाऱ्या आणि वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना दरवर्षी याविषयी निवेदन प्रसिद्ध करावे लागते. आम्ही त्या मर्यादेच्या जवळपासही नाही, पण आमचा ग्राहक तिच्या बराच वर आहे आणि तो आपली जबाबदारी हो-नाहीच्या रकान्यांतून खालच्या पायरीवर सरकवतो. ‘या बाबतीत आम्ही कोणतीही पावले उचललेली नाहीत’ एवढेच निवेदनात लिहिले, तरी त्या कलमाची पूर्तता होते. एवढ्या गंभीर विषयावरच्या कायद्यात ही पळवाट मुद्दाम ठेवली गेली, याची मला मनापासून चीड आहे.

एकदा हार्नेस कारखान्याकडून भरून आलेल्या प्रश्नावलीत आक्षेपार्ह असे काहीच नव्हते. पासपोर्ट कंपनी ठेवते का, नाही. कामगारांनी नोकरीसाठी पैसे दिले आहेत का, नाही. सोबत आधी तारीख कळवून झालेल्या एका तपासणीचा स्वच्छ अहवाल जोडलेला होता. अशा अहवालांवर माझा फारसा विश्वास नाही. तपासनीस कधी येणार हे महिनाभर आधी ठाऊक असेल, तर त्याला काय दिसावे हे कारखानाच ठरवतो. म्हणून मी प्रश्नावलीबरोबर एका महिन्याचे हजेरीपत्रक आणि पगारपत्रक मागवते आणि त्या महिन्यात किती माल आला, हे आमच्या आवक नोंदीतून काढून शेजारी ठेवते.

हार्नेसच्या कामात तार कापण्याचे आणि टोकाला टर्मिनल दाबण्याचे काम यंत्र करते, परंतु त्यापुढचे जवळजवळ सगळे काम हाताचे असते. खुंट्या मारलेल्या फळीवर तारा एकेक करून मांडायच्या, वळणावर टेप गुंडाळायची, प्रत्येक टोक कनेक्टरच्या नेमक्या घरात ‘टक्’ आवाज येईपर्यंत सरकवायचे, आणि शेवटी प्रत्येक तार चालू आहे की नाही हे तपासायचे. आमचा हार्नेस बांधायला एका माणसाला २२ मिनिटे लागतात. नमुना मंजूर करताना मी फळीशेजारी उभी राहून ही वेळ मोजली होती, त्यामुळे ती मला कोणाला विचारावी लागली नाही. त्या महिन्यात ४,५०० हार्नेस आले होते, म्हणजे १,६५० तासांचे काम झाले होते. पगारपत्रकात आमच्या टेबलावर सहा माणसे दाखवलेली होती. २६ दिवस आणि रोज आठ तास धरले तरी त्यांचे १,२४८ तासच भरत होते. राहिलेले ४०२ तास, म्हणजे माणशी ६७ तास, कोणी भरून काढले? ओव्हरटाइमच्या रकान्यात सगळीकडे शून्य होते आणि सर्व रविवारी सुट्टी दाखवलेली होती.

नोंद नसलेली माणसे काम करत असावीत, किंवा नोंद असलेली माणसे नोंद नसलेल्या वेळी राबत असावीत, असे दोनच अर्थ निघत होते. मग मी कपातीचे रकाने पाहिले. निवासाचा रकाना वेगळा होता आणि त्यातील आकडे खोलीगणिक बदलत होते. त्याच्या शेजारच्या ‘इतर कपात’ या रकान्यात मात्र सहाही नावांपुढे अगदी तोच आकडा होता, आणि ती कपात एकूण पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठी होती. सहाही परदेशी कामगार एकाच तारखेला रुजू झाले होते. एकाच दिवशी आलेल्या, एकाच देशातल्या सहा जणांच्या पगारातून दरमहा समान रक्कम जात असेल, तर ती बहुतेक वेळा नोकरी लावून देणाऱ्या दलालाच्या पैशांची वसुली असते.

आमच्या विक्रीप्रमुखांना ती प्रश्नावली संध्याकाळपर्यंत सही होऊन हवी होती. त्यांनी मला समजावले की हार्नेस कारखाना आपला थेट पुरवठादारही नाही, आपण ज्याच्याकडून विकत घेतो त्याचा तो पुरवठादार आहे. ते सज्जन आणि कष्टाळू गृहस्थ आहेत. पण बिलावर ज्याचे नाव नाही, त्याचे काही देणे लागत नाही ही व्यापारातली जुनी सवय त्यांच्यात पक्की मुरलेली आहे. मी सही केली नाही आणि कारखान्यात जाण्याची परवानगी मागितली.

दुभाषी मी माझ्या ओळखीतून नेली. कारखान्याने दिलेला दुभाषी बहुधा पर्यवेक्षकच असतो आणि त्याच्यासमोर सगळे उत्तमच चाललेले असते. आमच्या बोर्ड पुरवठादाराचा गुणवत्ता अधिकारी बरोबर होता, कारण त्याच्याशिवाय मला फाटकातूनही आत सोडले नसते. पासपोर्ट कुठे आहेत असे मी कार्यालयात विचारले, तेव्हा संबंधित कर्मचाऱ्याने अजिबात न संकोचता लोखंडी कपाट उघडले. त्यात देशवार रबर लावून ठेवलेले गठ्ठे होते, प्रत्येक पासपोर्टवर हजेरी क्रमांकाची चिठ्ठी होती आणि सोबत ‘सुरक्षिततेसाठी स्वेच्छेने ठेवण्यास देत आहे’ अशी संमतिपत्रे होती. सर्व संमतिपत्रांवर एकच तारीख होती, ती रुजू होण्याची. पासपोर्ट परत नेल्याच्या नोंदवहीची पाने कोरी होती. त्या माणसाला यात काही गैर आहे असे वाटतच नव्हते आणि तो खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही. प्रश्नावलीत ‘नाही’ लिहिणारा माणूस वेगळा होता.

१९३० च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करारात सक्तीच्या मजुरीची व्याख्या आहे: शिक्षेच्या धाकाने करून घेतलेले आणि माणसाने स्वेच्छेने न पत्करलेले काम. याच संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या ज्या ११ खुणा सांगितल्या आहेत, त्यांपैकी ओळखपत्रे अडकवून ठेवणे, कर्जाने बांधणे आणि अतिरेकी ओव्हरटाइम या तीन मला एका दिवसात दिसल्या. आमच्या क्षेत्रात हे अपवादानेच घडते असेही नाही. मलेशियातील इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांतील सुमारे ५०० कामगारांशी बोलून व्हेरिटे या संस्थेने २०१४ मध्ये अहवाल दिला होता, आणि त्यात २८ टक्के कामगार सक्तीच्या मजुरीच्या स्थितीत आढळले होते.

कामगारांशी आम्ही त्यांच्या निवासाच्या इमारतीत, पाळी संपल्यावर बोललो. ‘तुमच्यावर जबरदस्ती होते का’ असा प्रश्न मी कधीच विचारत नाही, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते. आज रात्री घरून निरोप आला तर पासपोर्ट हातात यायला किती वेळ लागेल, इथे येण्याआधी कोणाकोणाला पैसे दिले, ते कुठून आणले, आणि रविवारी आला नाहीत तर काय होते, असे विचारले की माणूस बोलू लागतो. गावातला दलाल, शहरातली एजन्सी आणि इथला कंत्राटदार या तिघांनीही त्यांच्याकडून पैसे घेतले होते. गावातले कर्ज व्याजाचे होते. कंत्राटदाराचे पैसे कारखान्याने आगाऊ भरले होते आणि तेच ‘इतर कपात’ म्हणून वसूल होत होते. हजेरीचे कार्ड पाच वाजता पर्यवेक्षक स्वतः फिरवून घेई आणि काम पुढे चालू राही.

त्यांच्यातला वयाने मोठा कामगार बराच वेळ गप्प होता. रविवारी काम नाकारण्याचा तुम्हाला हक्क आहे, असे मी सांगितल्यावर तो दुभाषीकडे न पाहता थेट माझ्याकडे पाहत बोलला: “मॅडम, तुम्ही इथून गेल्यावर ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला दिलीत, तर माझे कर्ज कोण फेडणार?”

पुरवठादार बदलणे हा आमच्या व्यवसायातला सर्वांत सोपा आणि कागदावर सर्वांत स्वच्छ दिसणारा उपाय आहे. तो केला असता तर आमची प्रश्नावली खरी ठरली असती आणि ती सहा माणसे त्याच कर्जासह दुसऱ्या कोणाच्या टेबलावर बसली असती. पुरवठादार न बदलता सुधारणा मागायची, तर आमच्या म्हणण्याला तिथे वजन किती, हेही हार्नेस कारखान्याच्या मालकांनी स्पष्ट सांगितले: “मॅडम, माझ्या एकूण कामात तुमचा वाटा चार टक्के आहे.” ते खरे होते. पण बोर्ड पुरवठादाराचा वाटा मोठा होता आणि त्याचे इतर ग्राहक रिस्पॉन्सिबल बिझनेस अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेच्या आचारसंहितेने बांधलेले होते. कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत, घेतलेले आढळले तर परत करायचे आणि आठवड्याला ६० तासांच्या वर काम घ्यायचे नाही, असे ती संहिता सांगते. आमच्या आकडेमोडीत आठवडा ६३ तासांच्या पुढे जात होता. ते कोष्टक आम्ही बोर्ड पुरवठादारापुढे ठेवले आणि मग बोलणी खऱ्या अर्थाने सुरू झाली.

त्या बैठकीत हार्नेस कारखान्याच्या मालकांनी आमच्याच ऑर्डरींची यादी काढली. आठ आठवड्यांची मुदत तीन आठवड्यांवर आणलेल्या ऑर्डरी, शेवटच्या क्षणी वाढवलेली संख्या, तीन महिन्यांनी निघणारे पैसे, हे सर्व तारखांसह त्यांच्याकडे होते. कामगारांना बांधून ठेवण्याचे ते समर्थन होऊ शकत नाही आणि तसे मी त्यांना तोंडावर सांगितले. पण त्या ४०२ तासांची मागणी आमच्याकडून गेली होती, हेही नाकारता येत नव्हते. आमच्या संचालकांनी त्याच आठवड्यात आठ आठवड्यांच्या आतली ऑर्डर वाढवायची नाही असा नियम केला, पैसे देण्याची मुदत ३० दिवसांवर आणली आणि प्रत्येक हार्नेसमागे दरवाढ मान्य केली. ती भरतीचे पैसे परत करण्याच्या अटीवर होती आणि ती अट करारात लिहिलेली आहे. लहान कंपनीत निर्णय घेणारा माणूस शेजारच्या खोलीत असतो, हा आमचा एकमेव फायदा.

पासपोर्ट लगेच परत मिळाले आणि प्रत्येकाला किल्लीसह स्वतंत्र लॉकर मिळाला. पैशांवर मात्र खूप घासाघीस झाली. कारखान्याने पावत्या मागितल्या आणि दलाल पावती देत नाही हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. शेवटी कामगाराचे स्वतःचे निवेदन ग्राह्य धरायचे आणि एकाच मार्गाने आलेल्यांचे आकडे परस्परांशी ताडून पाहायचे, असे ठरले. परतफेड हप्त्याहप्त्याने पगारपत्रकात वेगळ्या ओळीत दिसते आणि दरमहा ती ओळ मी पाहते. पण त्याच कपातीतून गेलेले आणि आमच्या भेटीआधीच करार संपवून परतलेले कामगार या यादीत नाहीत. त्यांची नावे जुन्या पगारपत्रकांत आहेत, पत्ते एजन्सीकडे आहेत, आणि एजन्सी उत्तर देत नाही. दुभाषीच्या ओळखीने दोघांचा पत्ता लागला आहे, बाकीच्यांचा शोध चालू आहे.

ग्राहकाच्या प्रश्नावलीत मी ‘सक्तीच्या मजुरीची चिन्हे आढळली का’ या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिले आणि काय केले याचे टिपण जोडले. त्यांच्या खरेदी विभागातून फोन आला की हे उत्तर विधी विभागाकडे जाईल, तर ‘नाही’ असे लिहून टिपण स्वतंत्र पाठवता येईल का. मी नकार दिला. ज्या पद्धतीत खरे उत्तर देणारा पुरवठादार अडचणीत येतो आणि सगळीकडे ‘नाही’ लिहिणारा पहिल्या फेरीत उत्तीर्ण होतो, तिला तपासणी म्हणायला मी तयार नाही. आमचे काम त्यांनी काढून घेतले नाही, पण टिपणावर अद्याप एकही प्रश्न विचारलेला नाही.

सध्या पुढच्या वर्षाच्या दरांची चर्चा चालू आहे आणि हार्नेसची दरवाढ मागे घेता येईल का, असे आमच्या हिशेब विभागाने विचारले आहे. परतफेडीचे सात हप्ते अजून बाकी आहेत. ते हप्ते आणि तो दर एकाच कलमात आहेत आणि ते कलम मी वेगळे करू देणार नाही, असे मी लेखी कळवले आहे.