तुम्ही विचारलंत म्हणून: संग्रहालयात पोरं करतात तरी काय?

"पोरीला संग्रहालयात इंटर्नशिपला पाठवतो, पण तिथं तिनं करायचं काय? आणि पुढं नोकरी लागते का?" धुळ्या-जळगावकडचे पालक हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारतात. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: थेट नाही लागत. जागा मोजक्या, त्याही वर्षानुवर्षं भरत नाहीत. विद्यावेतनही नाही, फार तर एसटीचं भाडं सुटतं.

पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागतो. नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए.ला ४ क्रेडिटची ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आली आणि आमच्यासारख्या लहान संग्रहालयांकडे एकदम विद्यार्थी वळले. बऱ्याच जणांना सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र तेवढं हवं असतं. काही ठिकाणी त्यांना तिकीट खिडकीवर बसवतात आणि महिना भरून काढतात. ही तर फुकटची चाकरी झाली.

आमच्याकडे काम असतं नोंदीचं. वस्तू आली की आवक नोंदवहीत क्रमांक, देणाऱ्याचं नाव, गाव, कुठं सापडली, मापं, वजन, कुठं चीर, कुठं गंज. पोरांना कंटाळा येतो. मग मी प्रकाशा गावाचं सांगतो. तापी आणि गोमाईच्या संगमावर १९५५ साली उत्खनन झालं, तेव्हा कुठलं खापर कुठल्या थरात निघालं हे लिहून ठेवलं, म्हणून तिथल्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरायच्या काळातल्या) वस्तीचा क्रम लागला. तसंच खापर कुणी शेतातून उचलून, गावाचं नावही न लिहिता आणून दिलं, तर ते कपाटातलं एक ठिकरं. त्याच्याकडून काही कळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा खोलगट, आतून काळंकुट्ट झालेलं मातीचं भांडं समोर घेऊन बसला होता. 'उपयोग अज्ञात' असं लिहायच्या बेतात होता. शेजारच्या टेबलावरची शिंदखेड्याकडची मुलगी खुदकन हसली. "हाई ते मांडासनं खापर शे!" म्हणजे मांडे भाजायचं भांडं. मग चुलीवर ते पालथं कसं घालतात, हातावर वाढवलेला मांडा वरून कसा टाकतात, काजळी बाहेरून न धरता आतून का धरते, सगळं तिनं हात हलवत सांगितलं. काजळी कुठल्या बाजूला दाट आहे, हे दोघांनी मिळून नोंदीत लिहिलं. पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ आला असता तर त्याला हे विचारायला खेड्यातच जावं लागलं असतं. अहिराणी येणारं पोर आमच्यासाठी म्हणूनच मोलाचं. मुलाखतीत ती लपवू नका.

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, शिकायची तयारी असेल तर आणखी चांगलं. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, ही तिची रीत. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. त्यात साल अरबी संख्याशब्दांत: 'इहिदे अशरीन मया व अलफ' म्हणजे एक, वीस, शंभर, हजार, शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) ११२१. इसवी सन काढायला महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवायचे. हे एकदा जमलं की पोरगं जेवायलाही उठत नाही.

इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुन्या कागदांची दप्तरं गोळा करायचे. १९२६ साली ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं उभं राहिलं. म्हणजे कागद वाचायला खानदेश सोडून जायची गरज नाही.

हो, एक विनंती पालकांनाच. घरातली जुनी नाणी चिंचेनं घासून लख्ख करून आणू नका. वरचा थर जातो, त्याच्यासोबत अक्षरंही झिजतात.

निवडीच्या वेळी मी गुणपत्रिका बघत नाही. घरातली एखादी जुनी वस्तू निवडायची, आजीला किंवा मामीला विचारून तिची पाच-सहा ओळींची नोंद लिहून आणायची. कुणाला विचारलं, तेही लिहायचं. मे महिन्यात येणाऱ्यांनी सकाळी आठलाच यावं. दुपारी आमच्या पत्र्याखाली मीसुद्धा थांबत नाही.