तुम्ही विचारलंत म्हणून: माठाला आधी अंदाज विचारा

"मॅडम, तुम्ही वर्गात उत्तर सांगतच नाही म्हणे. मग पोर्शन कधी संपतो?" स्टाफरूममध्ये विचारतात, पालकसभेत विचारतात. अमळनेरच्या एसटी स्टँडवर एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीही काळजीनं हेच विचारलं. तेव्हा गाडी लागली आणि बोलणं अर्धवट राहिलं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला फिजिक्स शिकवते. सुरुवातीची काही वर्षं माझा पोर्शन वेळेआधी संपायचा. मग एकदा जर्नलांवर सह्या करताना दिसलं, की अख्ख्या बॅचची रीडिंगं दशांशापर्यंत सारखी आहेत. उत्तर आधी ठरलेलं, आकडे मागाहून बसवलेले. मुलांवर रागावता येईना, कारण वेगळं रीडिंग आणणाऱ्याला 'परत कर' म्हणून मीच परत पाठवत आले होते.

तेव्हापासून प्रयोगाआधी प्रत्येकानं आपला अंदाज आणि त्याचं कारण लिहायचं. चुकलेला अंदाज खोडायचा नाही. भाषा कुठलीही चालेल. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. शुद्ध बोलायच्या धास्तीनं गप्प बसणारा मुलगा अहिराणीत "पानी बाहेर येस नि उडी जास" (पाणी बाहेर येतं नि उडून जातं) म्हणाला आणि माठ का गार होतो ते चार शब्दांत सांगून गेला.

त्या दिवशी माठाचंच गणित चाललं होतं. एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातून १०० मिली उडालं, तर उरलेलं पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरायला हवं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग लिटरभर उडालं तर बर्फच व्हायला पाहिजे."

वर्ग हसला. मी हसले नाही, उत्तरही दिलं नाही. प्रश्न अगदी रास्त होता. तिच्या गणितात चूक नव्हती, काहीतरी राहून गेलं होतं. ते काय, हे शोधायला त्यांना आठवडा दिला. कुणी म्हणालं, बाहेरची उष्णता आत येत राहते. चोपड्याकडच्या एका पोरानं थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वहीनं वारा घालायला सुरुवात केली. कोरडा थर्मामीटर ४० अंश, ओला २२. अर्धा तास वारा घातला, पण ओला २२ च्या खाली उतरेना. "माठ ह्याच्या खाली जाणारच नाही," तो म्हणाला. मग त्यांचं त्यांनाच उमगलं, की आपल्याकडे मे महिन्यात जीव वाचवणारा कूलर मुंबईच्या दमट हवेत का हात टेकतो.

यात दोन तासिका गेल्या, हे खरं. त्या मी डेरिव्हेशनमधून, म्हणजे सूत्र पायरीपायरीनं मांडून दाखवण्याच्या वेळेतून काढल्या. पुस्तकात छापलेलं डेरिव्हेशन फळ्यावर उतरवून देणं मी सोडलंय. मुलं ते घरी वाचतात, अडलेली ओळ वर्गात आणतात. निकालाची धास्ती मलाही होती. पण २०१४ साली अमेरिकेत विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणिताच्या कॉलेज-वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात मुलांना स्वतः विचार करायला लावणाऱ्या वर्गांपेक्षा नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. स्टँडवरच्या त्या दादांना मला एवढंच सांगायचं होतं.

सध्या लॅबच्या खिडकीत दोन माठ आहेत, एक नवा आणि एक तीन उन्हाळे वापरलेला. जुना तेवढा गार का करत नाही, यावर दोन तट पडलेत. बोअरच्या पाण्याच्या क्षारानं छिद्रं बुजली, असं एक गट म्हणतो. दुसऱ्याला ते पटत नाही. रोज सकाळी दोन्ही माठांचं वजन होतं आणि जर्नलात दोन वेगवेगळे आकडे पडतात.