पिनकोडचे अवयव

प्रवासात कुणी शेंगा फोडतं, मी आकडे फोडतो. बेळगावहून कोल्हापूरच्या गाडीत खिडकी मिळाली, की पेन्सिलीचं थोटूक आणि जुनं पाकीट एवढ्यावर माझं भागतं.

पाकिटावर आमचा बेळगावचा पिनकोड, ५९०००१. अंकांची बेरीज १५, म्हणजे ३ ने भाग जाणार, उरले १९६६६७. पुढची युक्ती माझ्या फार आवडीची. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१. म्हणून शेवटच्या तीन अंकांतून पुढचे तीन वजा करायचे. ६६७ मधून १९६ गेले, राहिले ४७१. याला तिघांपैकी कुणीच भाग लावत नाही, म्हणजे १९६६६७ लाही लावत नाही. एका वजाबाकीत तिघांचा निकाल!

त्यानंतर मात्र नुसती हमाली. १७, १९, २३ असं एकेका मूळ संख्येनं भागत जायचं, नशीब नसेल तर पार ४४३ पर्यंत. हत्तरगीचा टोलनाका गेला, संकेश्वर गेलं. शेवटी १९३ ला बाकी शून्य. १९३ गुणिले १०१९, दोन्ही मूळ.

शेजारचे काका मघापासून डोकावत होते. "कसला हिशेब ओ?" सांगितलं. "मग मिळालं काय?"

तसं काहीच नाही. पण १९३ ला १०१९ ने गुणायला अर्धं मिनिट पुरतं, आणि उलट यायला अख्खा हुक्केरी तालुका लागला. याच अडचणीच्या भरवशावर आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत उभी आहे. तिच्यातली २५० अंकांची एक संख्या २०२० मध्ये फुटली, तीही हजारो संगणक काही महिने राबवल्यावर. वापरातल्या संख्या सहसा ६१७ अंकी असतात.

निपाणी, ५९१२३७, गुणी निघाली. बेरीज २७, ९ ने बिनबोभाट भाग.

महाराष्ट्राच्या सीमेवरची कोगनोळी ओलांडली की पिनकोडचा पहिला अंक ५ चा ४ होतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. पोस्टाला असा माणूस मिळाला याचं मला अजून नवल वाटतं. कोल्हापूर ४१६००१. आता बेळगाव-कोल्हापूरचा मसावि काढायचा, तर दोघांपैकी कुणालाच फोडावं लागत नाही. युक्लिडनं सांगितल्याप्रमाणे वजाबाकी करायची, की आले १७४०००. त्याचे मूळ अवयव २, ३, ५ आणि २९. दोन्ही पिनकोडांच्या शेवटी १, म्हणून २ आणि ५ बाद. २९ ने भाग जात नाही. राहिला ३. काकांना हे पटलं. "कायतरी हाय म्हणायचं," म्हणाले.

कागलला उतरताना त्यांनी आपलाही पिन सांगितला, ४१६२१६. "बगा की एकदा." ८ ने सरळ भाग गेला आणि ५२०२७ वर गाडं अडलं. कोल्हापूरचं स्टँड आलं तरी मी सत्त्याण्णवशी झटतच होतो.