म्युनिकची चॅसी, स्टुटगार्टची बॉडी

उन्हाळ्यातल्या रविवारी म्युनिकमध्ये जुन्या गाड्या बाहेर निघतात. नंबरप्लेटच्या शेवटी ‘एच’ असलं की समजायचं, गाडीला तीस वर्षं उलटून गेलीत. परवा इझार नदीकाठी अशीच एक दिसली आणि मी सायकलवरून उतरलोच. बीएमडब्ल्यू ५०२, टप उघडणारी!

चार दारांची बंद ५०२ मी आधी पाहिली होती. तिच्या फुगीर, गोलाईदार अंगामुळे जर्मन लोक तिला ‘बारोकएंगल’ म्हणतात, म्हणजे इथल्या जुन्या चर्चमधला गुबगुबीत देवदूत. टप उघडणारी मात्र फार थोडी, कारण ती बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात बांधलीच जात नव्हती. तिची बॉडी सुमारे २२० किलोमीटरवरच्या स्टुटगार्टमध्ये, बाऊर या बॉडी बांधणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात कारागीर बांधायचे.

आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपला ट्रकवाला चॅसी, म्हणजे चाकांवरचा नुसता सांगाडा, घेतो आणि बॉडी बांधायला टाकतो. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतही चॅसीवर बस उभी राहते. इथे तेच काम श्रीमंतांच्या मोटारीसाठी व्हायचं, एवढाच फरक.

युद्धाआधी बीएमडब्ल्यूच्या मोटारी आयझेनाखला बनत. युद्धानंतर ते शहर सोव्हिएत अमलाखाली गेलं. आता मोटारी म्युनिकमध्येच करायच्या होत्या, पण तिथे आधी विमानांची इंजिनं व्हायची. मोटारीचा पत्रा दाबायचे मोठे प्रेस तिथे नव्हते. त्यामुळे १९५२मध्ये उत्पादन सुरू झालेल्या ५०१च्या, म्हणजे ५०२च्या आधीच्या मॉडेलच्या, सुरुवातीच्या बॉडीही बाऊरनेच केल्या. १९५४मध्ये ५०२ आली ती २.६ लिटरचं, १०० अश्वशक्तीचं व्ही-८ (‘व्ही’ आकारात आठ सिलिंडर असलेलं) इंजिन घेऊन. युद्धानंतरचं ते पहिलं जर्मन व्ही-८.

मालक आजोबांनी मला खाली वाकून बघायला लावलं. जाडजूड पोलादी चॅसी! सगळा भार तिच्यावर, म्हणून टप काढला तरी गाडी लवत नाही. पुढे चॅसी आणि बॉडी एकजीव वेल्ड होऊ लागल्या आणि या कारागिरांचं काम आटत गेलं. बाऊर टिकलं बरंच, पण १९९०च्या दशकाच्या शेवटी त्याचंही दिवाळं निघालं. मला हे खरोखर लागलं.

मग आजोबांनी टप चढवून दाखवला. जाड कापड, आतून अस्तर, ताणून बसवलेलं. कुठे सुरकुती नाही. मला आत बसवलं, दार लावलं आणि नदीचा आवाज थांबला.