खोक्यामागे २५ मिलिमीटर

चाकणच्या गोदामातलं स्टफिंग, म्हणजे कंटेनरमध्ये माल भरणं. ४० फुटी हायक्यूब (नेहमीपेक्षा उंच) कंटेनर, माल ऑटो पार्ट्सचा, एकूण ९६० खोकी, प्रत्येकी २४ किलो. माल कसा रचायचा ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरने प्लॅन दिला होता तो दिसायला अगदी सुबक: ११४० बाय ११४० मिमीचं पॅलेट (खोकी रचायचं फळ्यांचं बूड), एका थरात सहा खोकी, चार थर. एकावर एक दोन पॅलेट, रुंदीत दोन, लांबीत दहा ओळी. एकूण ४० पॅलेट, हिशोब चोख.

खोक्याचं माप भरलं होतं ५६० × ३७० × २७० मिमी. चार थरांचे १०८० आणि लाकडी पॅलेटचे १५० मिळून १२३०, दोन मजले २४६०. हायक्यूबच्या आतली उंची साधारण २६९० असते, पण दाराची २५८५च्या आसपास. वरचं पॅलेट ठेवताना फोर्कलिफ्टला ते ५० मिमी तरी जास्त उचलावं लागतं. ते धरूनही दारात ७५ मिमी शिल्लक राहत होते. कागदावर खोट काढायला जागा नव्हती.

पहिल्या ओळीतली खालची दोन पॅलेट आत गेली. तिसरं वर चढवताना छताच्या पत्र्याला घासल्याचा आवाज आला. फोर्कलिफ्टवाला खाली उतरून म्हणाला, "साहेब, हे वर नाही बसत. टेप आणा."

पॅलेटची उंची भरली १३३०, म्हणजे १०० मिमी जास्त. आधी वाटलं पॅलेटच वेगळं आलं. पण ते १५०च होतं. मग एक खोकं सुटं काढून मोजलं: ५७३ × ३८३ × २९५. पुठ्ठा पाच प्लायचा, जाडी सव्वासहा मिमी. लांबी-रुंदीत दोन भिंतींचे मिळून १३ वाढले. उंचीत मात्र वर दोन आणि खाली दोन अशा चार पाळ्या एकावर एक येतात, म्हणून २५. आम्ही सॉफ्टवेअरला खोक्याचं आतलं माप दिलं होतं. खोकेवाल्याच्या ड्रॉइंगवर मापाशेजारी 'आयडी' अशी दोन अक्षरं होती, म्हणजे इनसाइड डायमेन्शन. मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली मापांची कायमची यादी, भरताना आमच्याकडे तो आयटमचा नंबर समजला गेला. चूक पूर्णपणे आमची.

आठ थरांत २०० मिमी वाढले. दोन मजले झाले २६६०, दारापेक्षा उंच. छताखाली ३० मिमी उरतात खरे, पण तेवढ्यात पॅलेट उचलून टेकवता येत नाही.

उंचीची चूक निदान आवाज करते. रुंदीची गप्प बसली होती. तीन खोकी ३८३ची म्हणजे ११४९, पॅलेटपेक्षा ९ जास्त, दोन्ही बाजूंना साडेचार. साडेचार मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण खोक्याची भिंतच सव्वासहाची, आणि बहुतेक भार पेलतात त्या भिंती आणि चार कोपरे. तीच कड फळीबाहेर लटकत होती. खालच्या खोक्यावर वरच्या तीन खोक्यांचे ७२ किलो आणि वरच्या पॅलेटचा वाटा सुमारे १०० किलो. पावसाळी हवेत पुठ्ठा आधीच मऊ पडतो. सॉफ्टवेअरमध्ये 'वर किती वजन चालेल' हा रकाना असतो. तो आम्ही रिकामा ठेवला होता. रिकामा म्हणजे त्याच्या लेखी मर्यादाच नाही.

मुकादमाने सुचवलं, वरच्या पॅलेटचा एक थर काढा आणि ती सहा-सहा खोकी नंतर हाताने वर सरकवा. २० गठ्ठ्यांवर सहा, बरोबर १२० बसतात. मोह होण्यासारखंच होतं. पण दाराजवळच्या ओळीत वरची चौकट आडवी येते, आणि सव्वादोन मीटरच्याही वर २४ किलोचं सुटं खोकं म्हणजे तिकडे दार उघडणाऱ्याच्या डोक्यावर. नको म्हटलं.

मग वरच्या २० पॅलेटची फिल्म आणि पट्ट्या कापून एकेक थर उतरवला आणि पुन्हा गुंडाळलं. उंची २३६५ झाली, खालच्या खोक्यावरचा भार १७२ वरून १४८ वर आला. दाराशी साधारण अर्ध्या मीटरची फट राहिली, तिथे लाकडी आडवे ठोकले. माल आपला असला तरी ट्रेलर भाड्याचा. थांबल्याचे पैसे लागलेच.

सगळ्यात जास्त वेळ कागदांनी खाल्ला. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) ९६०चं आधीच भरलेलं, त्यामुळे सीएचएला, म्हणजे कस्टम्सच्या एजंटला फोन, संख्येची दुरुस्ती, नवी पॅकिंग लिस्ट. व्हीजीएमही, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं जाहीर करायचं एकूण वजन, नव्याने: ८४० खोक्यांचे २०,१६० किलो, पॅलेटचे ८८०, वर लाकूड आणि कंटेनरचं स्वतःचं वजन. जुना आकडा जवळपास तीन टनांनी जास्त होता; तो तसाच न्हावा-शेव्याला गेला असता तर काट्यावर अडकला असता.

१२० खोकी मागे राहिली. आता मास्टरमध्ये नवं खोकं भरण्याआधी ते माल घालून, टेप मारून, थराखाली रात्रभर ठेवून सकाळी मोजतो. फुगलेलं माप लिहितो, वर रुंदीला १० मिमी जास्त धरतो.