सॉक्रेटिस घरी गेला, मग लिऑनचं काय?

"लोकशाहीने सॉक्रेटिसला मारलं, असं तुम्ही लिहिलंत. त्याच्या चार-पाच वर्षं आधी त्या शहरात काय झालं होतं, ते का नाही लिहिलंत?"

रात्री साडेअकराला हे उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव म्हणजे दोन अक्षरं आणि एक आकडा, फोटोच्या जागी झाडाची एक फांदी. त्या दिवशी मी समाजमाध्यमावर बहुमताच्या धोक्यांबद्दल तावातावाने चार परिच्छेद लिहिले होते आणि शेवटी पुरावा म्हणून प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सच्या सॉक्रेटिसला, त्या तत्त्वज्ञाला, आणून उभं केलं होतं. हा युक्तिवाद मी कॉलेजपासून वापरत आले होते. गर्दीने शहाण्या माणसाला विष पाजलं, तेव्हा गर्दीच्या हाती सत्ता देताना जपून. एवढं म्हटलं की समोरचा बहुतेक वेळा गप्प व्हायचा, आणि तो गप्प झाला म्हणजे त्याला पटलं, असं मी धरून चालायचे.

ही व्यक्ती गप्प झाली नाही. आमचं अकरा रात्री चाललं.

तिचं म्हणणं थोडक्यात सांगते. इ.स.पू. 404 मध्ये अथेन्स स्पार्टाकडून हरलं आणि शहरावर तीस जणांची राजवट बसली. ती आठ-नऊ महिने टिकली, आणि तेवढ्यात दीडेक हजार माणसं मारली गेली. तिचा म्होरक्या क्रिटियास. हा सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याच्या आईकडचा नातलग, आणि एके काळी सॉक्रेटिसच्या सोबत बसणाऱ्यांतला. इ.स.पू. 403 मध्ये लोकशाही परतली तेव्हा अथेन्सवासीयांनी शपथ घेतली की मागचं उकरून काढायचं नाही. म्हणजे ते तीस जण आणि त्यांचे मोजके अधिकारी सोडले, तर त्या काळातल्या राजकारणावरून कुणावर खटला भरायची सोयच राहिली नाही. उरलं काय? शहराचे देव मानत नाही, नवीन दैवतं आणतो, तरुणांना बिघडवतो. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवर नेमके हेच आरोप ठेवले गेले. आरोप करणाऱ्या तिघांपैकी अनिटस हा परतलेल्या लोकशाहीचा मोठा पुढारी होता. आणि पुढे पन्नासेक वर्षांनी एस्किनीस नावाचा वक्ता भर न्यायालयात अथेन्सच्या लोकांना सरळ म्हणाला, की सॉक्रेटिसला तुम्ही मारलंत ते त्याने क्रिटियासला शिकवलं म्हणून.

"तेव्हा," त्या व्यक्तीने लिहिलं, "ही मूर्ख गर्दी नव्हती. ज्यांच्या घरातली माणसं नुकतीच मारली गेली होती, असे लोक होते. त्यांनी चूकच केली असेल. पण तुम्ही त्यांना चेहरा दिला नाहीत."

हे वाचून मी फोन उलटा करून ठेवला. राग आला होता, आणि राग आला म्हणजे कुठेतरी बरोबर लागलंय, हे आतून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं काढून बसले. वर्षानुवर्षं ज्या खटल्याचा दाखला देत होते, त्याची मूळ कथा मी पूर्ण वाचलीच नव्हती. सारांशावर भागवलं होतं. प्लेटोने दिलेलं सॉक्रेटिसचं भाषण वाचताना दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे निकाल काठावरचा होता. पाचशेच्या आसपास पंच होते, आणि तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर आपण सुटलो असतो, असं तो स्वतःच म्हणतो. दुसरी गोष्ट लिऑनची. तीस जणांनी सॉक्रेटिसला आणखी चौघांबरोबर बोलावून हुकूम दिला, की सलामिस बेटावरून लिऑन नावाच्या माणसाला धरून आणा, त्याला मारायचंय. ते चौघे गेले आणि लिऑनला घेऊन आले. सॉक्रेटिस घरी निघून गेला.

मला हत्यार मिळाल्यासारखं झालं. मी लिहिलं, ज्याने त्या राजवटीचा हुकूम जिवावर उदार होऊन मोडला, त्याला तिचा गुरू म्हणून शिक्षा देणं हा अन्यायच.

उत्तराची सुरुवात अशी होती: "तुमचं म्हणणं मला असं समजलं. चुकत असेल तर सांगा." आणि पुढे चार ओळींत माझी बाजू. माझ्यापेक्षा नेटकी मांडलेली, माझ्या रागाशिवाय. मग खाली आक्षेप.

हा पूर्वपक्ष. आपल्याकडे शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, मांडायची रीत होती हे शाळेपासून ऐकलेलं, पण कुणीतरी माझा पूर्वपक्ष मांडून दाखवण्याची ती पहिलीच वेळ. स्वतःचं म्हणणं परक्याच्या शब्दांत, आणि तेही न विटाळता, समोर आलं की त्यातली भेग लगेच दिसते. दुसऱ्याने बोट ठेवायची गरज राहत नाही.

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते कळावं म्हणून दोघे बोलतात तो वाद. जिंकायचं म्हणून, शब्दांचे खेळ करूनही बोलतात तो जल्प. आणि स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त दुसऱ्याची मोडायची, ती वितंडा. आपण मराठीत 'वितंडवाद' हा शब्द कुठल्याही भांडणाला वापरतो आणि त्यातली धार घालवतो. मला ती धार हवी आहे, कारण अनोळखी माणसांशी लिहून वाद घालताना सगळ्यात जास्त वेळ खाते ती वितंडाच. समोरचा प्रश्नावर प्रश्न टाकत जातो. तुम्ही उत्तरं शोधता, तारखा तपासता, रात्र जाते. आणि त्याला स्वतःला काय वाटतं, हे तीन दिवसांनंतरही कळलेलं नसतं. आता मी दुसऱ्याच उत्तरात विचारते, "तुमचं मत काय?" ते आलं नाही तर तिथेच थांबते.

हरण्याच्या जागांचीही त्या सूत्रांत यादी आहे. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात, एकूण 22. त्यांतलं एक अर्थांतर: चालू विषय सोडून भलत्यावर जाणं. "मग तेव्हा कुठे होतात तुम्ही?" हे वाक्य दिसलं की मला दर वेळी तो शब्द आठवतो. दोन हजार वर्षांच्या आसपास जुना आहे तो.

भाषेबद्दल एक सांगायचं राहिलं. मराठीत चार वाक्यं लिहिली की आपण बाई की पुरुष हे उघड होतं. 'मी मानते' लिहिलं की संपलं. माझ्या खात्याचं नाव कुणाचंही असू शकेल असं आहे, आणि सुरुवातीची उत्तरं तशीच येतात, मुद्द्याला मुद्दा. एका चर्चेत मी "मी मागेच म्हणाले होते" असं लिहिलं आणि पुढचं उत्तर आलं, "ताई, तुम्ही भावनिक होताय." मुद्दा तोच होता, आकडे तेच होते, बदललं होतं ते फक्त क्रियापद. हे मला फार लागलं. अजूनही लागतं. आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं की चर्चा संपली, हे तर कुणालाही सांगावं लागू नये.

फांदीवाली व्यक्ती मात्र अकरा रात्रींत एकदाही उघड झाली नाही. 'मला पटत नाही', 'माझ्या वाचनात आलं', 'असं दिसतं', अशीच वाक्यं. मुद्दाम की सवयीने, कळायला मार्ग नाही. म्हणून मीही 'ती व्यक्ती' एवढंच म्हणतेय.

त्याच दिवसांत तिने माझं आणखी एक वाक्य काढून घेतलं. "तुझं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन." मी ते व्हॉल्टेअर या फ्रेंच विचारवंताच्या नावाने लिहिलं होतं. व्हॉल्टेअर 1778 मध्ये गेला. हे वाक्य एव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेच्या 1906 च्या पुस्तकातलं. हेल्वेशियस या फ्रेंच तत्त्वज्ञाचं पुस्तक जाळलं गेलं तेव्हा व्हॉल्टेअरची भूमिका काय होती, ते सांगायला हॉलने स्वतःच्या शब्दांत ते लिहिलं, आणि अवतरणचिन्हांमुळे जगाने त्याच्या तोंडी घातलं. मी तपासलं, चूक मान्य केली, दुरुस्ती टाकली. त्यावर "धन्यवाद" एवढंच आलं. कुरघोडीचा एक शब्द नाही. ओळखीच्या माणसांत मला कुणी हे सांगितलं नसतं. त्यांना माझं मन राखायचं असतं.

आमचं एकमत झालं नाही. सॉक्रेटिसला मारणं अन्याय होता, असं मला आजही वाटतं. एखाद्याच्या शिष्याने काय केलं त्यावरून त्याला शिक्षा द्यायची नसते, आणि विचार करायला शिकवणं हा गुन्हा होऊ शकत नाही, यावर मी ठाम आहे. पण 'गर्दीने मारलं' हे वाक्य आता माझ्याकडून लिहिलं जात नाही. ते लिहायला घेतलं की दीड हजार मेलेली माणसं आणि त्यांची घरं आडवी येतात.

अकराव्या रात्री शेवटचं उत्तर आलं. त्यानंतर ते खातं शांत झालं, आणि काही महिन्यांनी पाहिलं तर दिसेनासंच झालं होतं. ते उत्तर मी उतरवून ठेवलंय:

"लिऑनला आणायला तो गेला नाही, हे धैर्यच आहे. मला मान्य आहे. पण तुम्ही दिलेला उतारा पुन्हा वाचला. चौघे सलामिसला गेले, हा घरी गेला. लिऑनला सावध करायचा प्रयत्न त्याने केला का, याबद्दल तिथे एक शब्द नाही. हुकूम न पाळणं आणि माणसाला वाचवायला जाणं, यांतलं अंतर तुम्ही कसं मोजाल?"

मी तीन वेळा उत्तर लिहिलं. पहिल्यात लिहिलं की सलामिस बेट आहे आणि त्याच्या हातात वेळ नव्हता. मग लक्षात आलं, हे मला माहीत नाही, मी त्याच्या वतीने सबब सांगतेय. ते खोडलं. दुसऱ्यात लिहिलं की अन्यायात हात न घालणं एवढंच एका माणसाच्या हातात असतं. तेही खोडलं, कारण लिहिताना मला स्वतःलाच ते पटेना. तिसरं अजून तसंच पडलंय, अर्धं. त्यात एवढंच आहे: "लिऑनच्या घरी त्या दिवशी"